शामलाची हळद

आमच्या मुरूम गावात माझ्याइतकी फटकळ बाई दुसरी नाही, असं लोक म्हणतात आणि मी ते नाकारत नाही. एखादीनं चोळीला कापड कमी आणून वर कोपरापर्यंत बाही मागितली, की मी तोंडावर सांगते, बाई, आधी दंड बारीक करून या. आमच्या दुकानात पुढं माझा नवरा फकरुद्दीन पुरुषांचे सदरे-पायजमे शिवतो आणि मागच्या खोलीत, पडद्याआड, मी बायकांचं शिवते. अशा मी, नसीमबीनं, आयुष्यात एकच खोटं नीट ठरवून, जुळवून सांगितलं. ते एका जीवाला वाचवायला सांगितलं होतं. त्यानं तिचा सत्यानाश झाला, आणि तो माझ्या तोंडामुळं झाला हे तिच्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही.

तिला गाव वीरप्पा म्हणून ओळखतं. नारायणराव डॉक्टरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर, नागूबाईचा एकुलता एक मुलगा. शामला हे नाव तिनं स्वतःसाठी निवडलं होतं आणि ते फक्त माझ्यापाशी उच्चारलं होतं. कुठून काढलंस गं हे, असं मी विचारलं तर म्हणाली, कुठून नाही, मला आवडतं. मी इथं तिला शामलाच म्हणणार. तिच्या आईसमोर मला ते कधी म्हणता आलं नाही.

या नागूबाईबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही तिला दुष्ट ठरवाल. अठ्ठेचाळीस साली निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. फकरुद्दीन कामानिमित्त हैदराबादला गेला होता, तो तिकडंच अडकला. इकडं आमच्या लोकांच्या घरांत काय काय झालं ते मी सांगत बसत नाही. नागूबाईचा नवरा नुकताच वारला होता, घरात दहा वर्षांचं पोर, तरी ती मागच्या दारानं आली आणि मला हाताला धरून घेऊन गेली. अकरा दिवस मी तिच्या ज्वारीच्या कोठीत होते. माणसं दारात येऊन विचारायची, घरात कोण कोण आहे. ती लिंगायत बाई, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून सांगायची, मी अन् माझा वीरप्पा, तिसरं कुणी नाही. देवाला हातात घेऊन ती बाई खोटं बोलली आणि त्या खोट्यावर मी जिवंत राहिले. भल्यासाठी बोललेलं खोटं चालतं, हे मी त्या कोठीत बसून शिकले.

त्यानंतर तेरा वर्षांनी, एकसष्टच्या उन्हाळ्यात, शामला माझ्या पडद्याआड आली. हातात हिरवा खण होता. आमच्याकडं बायका सहसा अंगाचं माप देत नाहीत. अंगाला बसणारी एखादी जुनी चोळी खणाबरोबर पाठवतात, तिच्यावरून मी बेतते. मी विचारलं, मापाची चोळी कुठाय, आणि शिवायचं कुणासाठी? मला वाटलं, कुठंतरी जमवलंय बेट्यानं. मी मनसोक्त चिडवून घेतलं. ती हसली नाही.

"मापाची चोळी न्हाय, आपा," ती म्हणाली. "आजवर अंगात घातलीच न्हाय, तर असंल कुठनं. माप माझं घ्या."

मग मला वाटलं, जत्रेतल्या नाटकात सोंग घ्यायचं असेल. तसंही नव्हतं. ती खाली बसली आणि मान वर न करता बोलत राहिली. आपण बाई आहोत हे तिला कळत्या वयापासून माहीत होतं, तिच्या अंगाला तेवढं माहीत नव्हतं, असं ती म्हणाली. मी तिला झापलं. डोकं फिरलंय तुझं, आईला कळलं तर विहीर जवळ करील, असं सगळं सुनावलं. ती शांतपणे म्हणाली, म्हणून तर तुमच्याकडं आले. पोरीनं म्हणावं तसं, आले. मी टेप घेतली आणि माप घेतलं.

पहिली चोळी मी पुढून चुण्या घालून शिवली, आत चिंध्या कोंबायला जागा राहील अशी. तिनं चोळी घातली, चिंध्या कोंबल्या, स्वतःकडं पाहिलं आणि एकेक चिंधी काढून माझ्या कातरणाच्या टोपलीत टाकली. चिंध्या नकोत म्हणाली.

औषधाचा पत्ता तिला दवाखान्यातच लागला. जवळच्या खेड्यातले गुंडाप्पा म्हणून एक म्हातारे होते. त्यांना लघवीचा जुना आजार. सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बारीक पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. बायकांच्या अंगात जे असतं तेच त्या गोळ्यांत होतं म्हणे. आजाराला उतार पडला, पण पाच-सहा महिन्यांत म्हाताऱ्याची छाती भरायला लागली. गुंडाप्पांनी दवाखान्यात येऊन आकाशपाताळ एक केलं. पोरं हसतात, विहिरीवर उघड्यानं अंघोळ करायची सोय राहिली नाही, हे काय करून ठेवलं माझं. नारायणराव म्हणाले, औषधाचा परिणाम आहे, गोळ्या बंद केल्या तरी आलेलं आता जाणार नाही, उपरणं पांघरत चला. शामला पलीकडं खलात पूड घोटत होती, तिनं ते सगळं ऐकलं. तोवर सोलापूरहून गुंडाप्पांच्या नावानं गोळ्यांची एक बाटली यायची. पुढच्या महिन्यापासून दोन यायला लागल्या.

पहिले दोन महिने तिला नुसती मळमळ व्हायची. भाकरी बघितली की उमासे. मी म्हटलं, सोड हे, मरशील. मग एका दुपारी ती आली आणि म्हणाली, आपा, दुखतंय. दोन्हीकडं सुपारीएवढं काहीतरी कठीण आलं होतं, सदरा घासला तरी कळ यायची. एवढं सांगताना तिचा चेहरा असा होता, की मला तिच्यावर रागावता आलं नाही. मी वयात आले तेव्हा माझी आई मला म्हणाली होती, दुखतं म्हणून पोक काढून चालू नको, सवय लागेल. तेच मी तिला सांगितलं. तेवीस वर्षांच्या कंपाउंडरला मी तेरा वर्षांच्या पोरीसारखं समजावत होते आणि ती मान डोलावत होती. मला मूलबाळ झालं नाही. त्या दुपारी मला लेक झाली, असं म्हटलं तर लोक हसतील. हसू देत.

वाढ फार सावकाश होती. तीन-चार महिन्यांनी मी चोळीची शिवण उसवायची आणि बोटभर सैल करायची. डावी बाजू पुढं, उजवी मागं. तिला त्याचीच काळजी लागून राहायची. मी सांगितलं, अगं सगळ्यांचं असंच असतं, शिवणारीला तेवढं कळतं आणि ती कुणाला कळू देत नाही. दुसरं वर्ष सरता सरता चोळीच्या चुण्या आपल्या आपण भरल्या. फार नाही, एखाद्या पोरसवदा मुलीचं असतं तेवढंच. पण तेवढ्यानं तिचं बसणं बदललं, बोलणं बदललं. बाजाराचा दिवस सोडून ती दुपारी यायची, चोळी घालून अर्धा तास माझ्याशेजारी बसायची आणि काज करून द्यायची. काज सुरेख करायची. जाताना चोळी माझ्या ट्रंकेत, अंगात घट्ट बंडी, वर सैल सदरा आणि त्यावर लिंगाची चांदीची डबी. गावाला वाटायचं, कंपाउंडर खाऊन सुटलाय.

त्रेसष्ट साल उजाडलं आणि नागूबाईनं लग्न ठरवलं. मुलगी उमरग्याची, सोळा वर्षांची. शामलानं दोन वर्षं आज-उद्या करत काढली होती. या वेळी नागूबाईनं जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी शामला हो म्हणाली आणि तिथून सरळ माझ्याकडं आली.

मी आधी त्या मुलीवरून तिला फाडून खाल्लं. त्या पोरीनं तुझं काय घोडं मारलंय, तिच्या जन्माची माती का करतेस, म्हणून विचारलं. ती म्हणाली, लग्नानंतरचं राहू द्या, त्याआधी हळद आहे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हळदीला नवऱ्या मुलाला उघड्या अंगानं पाटावर बसवतात आणि पाच सवाष्णी त्याच्या गालांना, दंडांना, छातीला हळद माखतात. भोवती सगळी गल्ली. तिथं बंडी चालत नाही, उपरणं चालत नाही. गोळ्या सोडून उपयोग नव्हता. आलेलं जात नाही हे तिनं नारायणरावांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि त्याच भरवशावर तर ती गोळ्या खात आली होती.

मी म्हटलं, पळून जा, हैदराबादला जा, तिथं तुझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. ती म्हणाली, आई मरेल. मी म्हटलं, मग आईला खरं सांग. ती म्हणाली, तुम्ही सांगा. आणि मी, मुरुमातली सगळ्यात फटकळ बाई, गप्प बसले. ज्या बाईनं माझ्यासाठी लिंग हातात घेतलं तिच्यासमोर जाऊन, मावशी, तुमचा मुलगा मुलगा नाही, असं मला म्हणवेना. दोन दिवस मी मशीनवर बसून होते आणि एकही कपडा पुरा केला नाही.

मग मला ते खोटं सुचलं. नागूबाईला सांगायचं की वीरप्पाच्या छातीत गाठी झाल्यात, तो लाजेनं बोलत नाही. दुखणाईत मुलाला पोरगी कोण देतं? उमरग्याचे लोक मागं सरतील, नागूबाई धसका घेऊन पुन्हा लग्नाचं नाव काढणार नाही, आणि दुखणं काय, वर्षानुवर्षं चालू ठेवता येतं. शामला घाबरली होती. आई डॉक्टरकडं घेऊन गेली तर, असं तिनं विचारलं. मी हसत म्हटलं, अगं, डॉक्टरकडं औषध बांधायला तूच असतेस की. खरंच असं म्हटलं मी, आणि वर हसले.

एक गोष्ट मला माहीत होती आणि नेमक्या वेळी ती डोक्यात आली नाही. नागूबाईची धाकटी बहीण छातीतल्या गाठीनं गेली होती. लाजेपायी तिनं वर्षभर लपवलं, आणि दाखवलं तेव्हा डॉक्टरनं हात टेकले. कोठीतल्या त्या अकरा दिवसांत नागूबाईनंच मला हे सांगितलं होतं, कोठीच्या तोंडाशी बसून, हळू आवाजात.

मी सांगायला गेले तेव्हा नागूबाई अंगणात शेंगा फोडत होती. तिनं ऐकून घेतलं. रडली नाही. एवढंच विचारलं, कुठल्या बाजूला? मी म्हटलं, दोन्ही. तिनं सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन पिशवी भरायला घेतली. नारायणरावांचं नाव निघालं तर म्हणाली, इथलं नको, सोलापूरच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं आम्ही निघालो. मला बरोबर यायलाच लावलं तिनं, म्हणाली, तू असलीस की मला धीर. उमरग्याला निरोप गेला होता की लग्न दोन महिने पुढं ढकललंय. मोडलं असं कुणीच म्हणालं नाही.

सोलापूरचा डॉक्टर वयस्कर होता, बोलायला बरा. त्यानं तपासलं आणि म्हणाला, घाबरू नका बाई, वाईट रोग दिसत नाही, तरुण पोरांत कधीकधी होतं असं, नाही काढलं तरी चालेल. माझ्या जिवात जीव आला. मग त्यानं शामलाला विचारलं, कसल्या गोळ्या वगैरे घेतोस का रे? शामलानं माझ्याकडं पाहिलं. तिला काय हवं होतं ते मला कळलं. मी बोलावं, हेच तिला हवं होतं. नागूबाई माझा दंड धरून उभी होती. मी जमिनीकडं बघितलं. शामला म्हणाली, न्हाय.

"काढा," नागूबाई म्हणाली. "न्हाय म्हणू नका, डॉक्टरसाहेब. माझ्या बहिणीच्या येळंलाबी असंच, बघू बघू म्हणत व्हते."

डॉक्टर म्हणाला, लग्नाचा मुलगा आहे, लोकांत लाज वाटत असेल, तर काढून टाकू, मोठं काम नाही. मुळासकट काढतो म्हणजे पुन्हा येणार नाही. नागूबाईनं त्याला दोन्ही हात जोडले.

व्हरांड्यात बाकावर आम्ही दोघी बसलो. नागूबाई सिद्धेश्वराच्या देवळात नारळ फोडायला गेली होती. मी शामलाला म्हटलं, नाही म्हण, अजून वेळ गेलेली नाही, मोठी आहेस, तुझ्या मर्जीशिवाय कुणी हात लावणार नाही.

"काय म्हणून न्हाय म्हणू, आपा?" ती म्हणाली. "गाठी हैत म्हणून तुमीच सांगितलंत की."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

ती आठ दिवस तिथं होती. नागूबाई तिला हातानं पेज भरवायची, कूस बदलायला मदत करायची, पट्टी बदलताना डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. पंधरा वर्षांत मी तिला इतकी सुखी पाहिली नव्हती. परतीच्या मोटारीत ती माझा हात धरून ढसाढसा रडली, नसीम, तू बोललीस म्हणून माझं लेकरू वाचलं, असं म्हणत. गावात आल्यावर तिनं ते घरोघरी सांगितलं. बाजारात ओळखीपाळखीच्या बायका मला थांबवून म्हणायच्या, पुण्याचं काम केलंत. मी मान हलवायची. फकरुद्दीननं एकदा विचारलं, तुझी तब्येत बरी नाही का, कुणावर ओरडत नाहीस. मी त्याच्यावर ओरडले.

शामला त्यानंतर पडद्याआड आली नाही. दोनदा निरोप धाडला. दवाखान्यात गर्दी असते, असं उत्तर आलं. सोलापूरहून गुंडाप्पांच्या नावानं पुन्हा एकच बाटली यायला लागली होती. हे मी नारायणरावांच्या बायकोकडून, तिची चोळी शिवताना, आडून आडून काढून घेतलं.

वैशाखात हळद झाली. मांडवात पाट मांडला होता आणि त्यावर शामला पंचा नेसून उघड्या अंगानं बसली होती. बायकांना आधीच सगळं सांगून ठेवलेलं होतं. त्या बघायच्या, चुकचुकायच्या, देवानं राखलं म्हणायच्या आणि हळद लावायच्या. नागूबाई विधवा, त्यामुळं ती उंबऱ्याच्या आत बसून होती. मुलाच्या हळदीला आईचा हात चालत नव्हता. चार सवाष्णी झाल्या. पाचवीला तिची जाऊ पुढं सरकली, तर नागूबाईनं आतून तिला थांबवलं आणि माझं नाव घेतलं. मांडवात कुजबुज झाली. हिच्या हातची हळद, असं कुणीतरी म्हणालंच.

"माझा हात चालत न्हाय," नागूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझ्या वतीनं नसीम लावंल. ही नसती तर आज हळद कुणाला लावली असती?"

मी वाटीत बोटं बुडवली आणि तिच्यासमोर बसले. गाल झाले, दंड झाले. छातीकडं मी तोवर बघितलं नव्हतं. दोन्हीकडं आडव्या शिवणी होत्या, एक वर, एक खाली, एकमेकींना जुळत नव्हत्या. टाके लांब लांब घातलेले, कडा ओढून आणलेल्या, उजवीकडं मांस आत खेचलं जाऊन खड्डा पडलेला. इतकं वाईट शिवलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या हाताखालच्या पोरीनं असं काही शिवलं असतं तर मी तिला थप्पड मारून सगळं उसवायला लावलं असतं. मी त्यावर हळद लावली. हाताला फासळ्या लागल्या.

"आपा," ती ओठ न हलवता म्हणाली, "जरा हात तसाच ठिवा."

मी ठेवला. तिनं डोळे मिटले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, फार नसेल, कारण मागं अक्षता घेऊन उभी असलेली बाई म्हणाली, आटपा की हो, बाकीच्या खोळंबल्यात. मी हात काढला. तळवा पिवळाधमक झाला होता.

आतून नागूबाईनं विचारलं, "लागली का गं नीट?"

मी म्हटलं, "लागली, मावशी."